स्त्रीपात्र शालनताई

शालनताईला मी पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा ती मेलेली होती, आणि मेल्या मेल्या तिनं प्रेक्षकांना हात जोडले.

ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण आमच्याकडच्या नाटकात त्याचं कुणाला नवल नाही. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. मे महिन्यात मुंबईकर घरी आले की देवीची पूजा होते, आणि पूजेला नाटक ठरलेलं. नाटक चालू असताना कुणाला कुणाचं काम आवडलं की तो बक्षीस पाठवतो. मंडळाचा माणूस नाटक तिथल्या तिथे थांबवतो आणि माइकवरून ते जाहीर करतो. ज्याला बक्षीस त्यानं हात जोडायचे, मग नाटक पुढे चालू. त्या वर्षी शेवटच्या अंकात शालनताई विष पिऊन गेली होती. हिरो तिच्या उशाशी बसून हंबरडा फोडत होता. तेवढ्यात माइक खरखरला, "स्त्रीपात्राच्या कामावर खूश होऊन वरच्या आळीकडून रोख बक्षीस!" आता मेलेल्या बाईनं करायचं काय? शालनताईनं पडल्या पडल्या दोन्ही हात वर केले, नीट जोडले आणि परत होते तिथे ठेवून दिले. मान तेवढी आधीपेक्षा जास्त लुळी टाकली. हिरोनं हंबरडा जिथे राहिला होता तिथून पुढे फोडला. समोर बायका पदर डोळ्यांना लावून रडतच होत्या. हसलो तो मी एकटा, आणि तेही विंगेत, तोंडावर नाटकाचं पुस्तक धरून.

मी प्रॉम्प्टर. महाडच्या एमआयडीसीत लॅबमध्ये नोकरी आणि मे महिन्यात वाडीच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग, ही माझी दोन कामं. दोन्हीकडे माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आमच्या नाटकात पुरुष घरचे आणि बाई बाहेरची असा जुना रिवाज. घरच्या बायकांच्या वाट्याला अख्ख्या वाडीच्या जेवणाची भांडी, आणि ती घासून झाली की समोरची बाकं. फ्लेक्सवर पुरुषांची नावं फोटोसकट, गॉगलसकट छापायची, आणि सगळ्यात खाली 'स्त्रीपात्र : शालन'. ना फोटो, ना आडनाव. ती महाडला बाजारामागच्या एका गल्लीत एकटीच राहायची आणि हंगामात महाड-पोलादपूरच्या गावागावांत नायिका व्हायची. काल नाते गावाकडे कुणाची तरी बायको, आज आमच्याकडे, उद्या घाटाच्या पायथ्याशी. कुणी तिला नवऱ्याविषयी विचारलं की म्हणायची, "कुठला? कालचा की आजचा?" खरा नवराही एके काळी होता. त्याच्याबद्दल ती बोलत नसे आणि मी कधी विचारलं नाही.

एस्टीनं पोलादपूरला उतरायची. तिथून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर बॅग घेऊन वर यायची. बॅगेत तिच्या स्वतःच्या साड्या, सुईदोरा, आणि पत्र्याच्या डबीत खोटं मंगळसूत्र. वाडीत आली की बायका पाणी घेऊन पुढे व्हायच्या, पण ती आधी स्टेजकडे. चपला काढून अनवाणी चढायची आणि फळ्यांवर टाच आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. एखादी फळी हलली की ओरडायची, "खिळा मारा रे हितं! माजी सौभाग्यवती तोंडावर पडंल." मग जनरेटर कुठल्या बाजूला ठेवलाय ते बघायची, म्हणजे आवाज कुठून जोरात काढायचा ते कळतं. हे सगळं झाल्यावर घोटभर पाणी. जेवायची मात्र नाही. पेज आणि मीठ, बास. माझी वहिनी आग्रह करायची तेव्हा म्हणायची, "भरल्या पोटी रडू येत नाय गो. रडून झालं की वाढ."

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, किंवा ती ठेवत नसे. दर दिवशी नवं गाव, कुणाकुणाची ठेवणार? जो जे काम करील ते त्याचं नाव. हिरो, व्हिलन, सासरा, लाईट. मी 'पुस्तक'. "ए पुस्तक, जरा मोठ्यानं सांग, कानात कुजबुजायला मी काय तुजी मैतरीण हाय?" हे बोलणं विंगेतलं. स्टेजवर पाऊल पडलं की तीच बाई एकदम पुण्याची व्हायची. "अहो, असं काय करता? आपल्या सुखी संसाराला दृष्ट नाही ना लागणार?" असं इतक्या मऊ सुरात म्हणायची की विंगेत जीभ चावत बसलेल्या मला वाटायचं, मघाशी मला मेल्या म्हणाली ती कोण होती? तिला विचारलं तर म्हणाली, "ती भाषा साडीसारखी हाय रे. नेसायची आन उतरवून घडी घालून ठेवायची."

पुढची बाकं वाडीतल्या बायकांची. त्यांचे नवरे स्टेजवर दुसऱ्या बाईचा हात धरणार म्हणून त्या टक लावून बसायच्या. शालनताई नाटक सुरू व्हायच्या आधी मुद्दाम त्यांच्यात जाऊन यायची आणि हिरोच्या बायकोला शोधून सांगायची, "पडदा पडंपर्यंत माजा. मग घरी घेऊन जा, मला नको." बायका खिदळायच्या आणि नाटकभर निर्धास्त बसायच्या.

तिच्या चुकीचीही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती चूक आमच्या वाडीत अजून जिवंत आहे. हंगामात लागोपाठ नाटकं. सगळी कौटुंबिक, सगळ्यांत एक दारुडा, एक तिजोरी आणि एक गैरसमज. एके वर्षी आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात ती हिरोला म्हणाली, "तुमच्या धाकट्या भावानेच आपला कारखाना विकला!" मी पुस्तक चाळतोय, पानं उलटतोय, मला घाम. आमच्या नाटकात भाऊ नाही आणि कारखाना तर नाहीच. हे वाक्य आदल्या दिवशीच्या गावाचं. आमचा हिरो दिनेशदादा, मुंबईला सिक्युरिटीत आहे, पाठांतराचा पक्का. त्याला बाईनं काय म्हटलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. बाईचं बोलणं संपलं की आपलं वाक्य, एवढंच त्याला ठाऊक. तो छाती पुढे काढून म्हणाला, "मला ठाऊक होतं!" टाळ्यांचा कडकडाट. झालं, नाटकाला एक भाऊ चिकटला. शेवटपर्यंत लोक त्या भावाची वाट बघत बसले. तो काही आला नाही. अजूनही मे महिना आला की कुणीतरी विचारतंच, "यंदा तरी भाव येनार का रे?"

त्या दिवशी पडदा पडल्यावर मी तिला म्हटलं, "ताई, भाऊ कुठून काढलात?" ती पिना काढत होती. म्हणाली, "चुकलं. पन थांबले का मी? चुकलेलं नाटक चालतं रे पुस्तक, थांबलेलं नाय चालत."

गेल्या काही वर्षांत आमचं नाटक पार बदललं, आणि म्हाताऱ्या मंडळींनी नाकं मुरडली तरी मला आणि शालनताईला त्याचा भारी आनंद. दहा वाजता स्पीकर बंद करायचा नियम आला. पूर्वी कोंबडा आरवेपर्यंत चालणारं नाटक आता संध्याकाळी उजेडातच सुरू होतं. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी एलईडीची भिंत आली, बटण दाबलं की बंगला, बटण दाबलं की देऊळ. शालनताई पहिल्यांदा त्या भिंतीसमोर उभी राहिली तेव्हा लहान पोरीसारखी हात लावून बघत होती. "आयला, समुद्र हलतोय!" मग माइक कपड्यांना लावायचे आले. पूर्वी वरून लोंबणाऱ्या माइकखाली येऊन रडावं लागायचं. नव्या माइकबरोबर ती स्टेजभर हिंडत रडली. फक्त तो बंद करायचा राहून गेला. रडत रडत विंगेत आली आणि तिचा आवाज सगळ्या मंडपात घुमला, "भजी ठिवली का रे मला, का संपवलीत?" मंडपातून कुणीतरी उत्तर दिलं, "ठेवलीत ताई, तुमी रडा निवांत!"

आणि मोबाईलवरचं लाइव्ह. ज्यांना सुट्टी मिळाली नाही ते मुंबईकर कामावरून, खोलीवरून नाटक बघतात आणि खाली धडाधड लिहीत बसतात. एकदा मधे सिनेमाचं गाणं वाजवलं तर लाइव्हचा आवाजच गेला. गाण्याच्या मालकांना ते चालत नाही म्हणे. मुंबईहून फोनावर फोन, "आवाज नाय येत! आवाज नाय येत!" मंडळवाले हवालदिल. शालनताई म्हणाली, "मग आपली गाणी म्हना की. गौरीच्या गाण्यांना कोन मालक हाय?" पण गौरीची गाणी बायकांची, आणि गाणाऱ्या निम्म्या बायका अजून भांडी घासत होत्या. त्या दिवशी तो विषय तिथेच राहिला.

आता वहिनीकडे येतो. सुगंधावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. शालनताई आली की उतरायची आमच्याच घरी. तालमी व्हायच्या मुंबईत, आणि शालनताई आपली वाक्यं महाडहून फोनवर बोलून मंडळाच्या ग्रुपवर पाठवायची, म्हणजे पुरुषांना मागचं-पुढचं कळावं. मी ती रेकॉर्डिंगं प्रॉम्प्टिंगच्या सरावासाठी घरात मोठ्यानं लावून बसायचो. माझा सराव किती झाला देव जाणे. एका मे महिन्यात शालनताई नाटकाच्या दिवशी दुपारी आमच्या पडवीत आडवी झाली होती. आत वहिनी भाकऱ्या थापत होती. भाकरी थापता थापता ती शालनताईचा अख्खा तिसरा अंक बोलत होती, पुण्याच्या भाषेसकट, हुंदक्यांसकट. हुंदका देताना भाकरी परतत होती आणि भाकरी करपली नाही, हे विशेष.

शालनताई उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. वहिनीचं तिकडे लक्ष गेलं तशी ती लाजून लाल झाली.

"नाव काय गो तुजं?" शालनताईनं विचारलं. इतकी वर्षं त्या घरात जेवत होती, पण नाव विचारायची ही पहिली वेळ.

"सुगंधा."

"परत बोल तो हुंदका."

"नको वो ताई."

"बोल म्हनते ना!"

वहिनी बोलली. शालनताई ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुस्तक, पुढल्या साली हिला उबी करा. मला बोलवू नका."

मला वाटलं गंमत करतेय. पण रात्री नाटकानंतर, मंडळाचे अध्यक्ष तात्या तिला मानाचा नारळ देत होते, तेव्हा तिनं माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर तेच सांगितलं. मंडपात जी कुजबुज सुरू झाली ती वर्षभर थांबली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तात्या मुद्दाम गावी आले आणि आमच्या अंगणात बैठक बसली. शालनताई महाडहून आली होती. सगळ्यात आधी उभी राहिली माझी आई. "माजी सून थोरल्या दिराच्या हाताला हात लावनार? सगळ्या गावासमोर? नाय जमनार."

ही खरी अडचण होती. दिनेशदादा आमचा चुलतभाऊ, माझ्या सख्ख्या दादापेक्षा मोठा. वहिनी त्याच्यासमोर आली तर डोक्यावरचा पदर सावरते. त्याची बायको म्हणून कशी बसणार? "मग दुसरा हिरो घ्या," शालनताई म्हणाली. दुसरा पुतण्या निघाला. तिसरा चुलत सासरा. चौथा धाकटा दीर, तोही नको, लोक भलतंसलतं बोलतात. सगळी वाडी एकाच भावकीची. तिथे वहिनीला नातं नसलेला पुरुष म्हणजे देव, तोही दगडाचा. बाहेरची बाई आणायचा रिवाज का पडला, ते मला त्या अंगणात बसल्यावर कळलं. बाहेरचीला कुणी दीर नसतो.

शालनताई सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हिचा खरा नवरा कुठं हाय?"

सगळ्यांच्या माना गोठ्याकडे वळल्या. दादा म्हशीला धूत होता. तो पहाटे दूध घेऊन पोलादपूरला जातो आणि परत येऊन म्हशींच्यात असतो. बोलणं कसं ते म्हशींशी. माणसांना तो मान हलवून उत्तर देतो, आणि वहिनीला तर तेवढंही नाही.

"ह्यो?" तात्यांनी कपाळावर हात मारला. "अवो, ह्यो लग्नात नाव घ्यायला सांगितलं तवा पळाला होता!"

"पळाला तरी परत आला ना? जमंल."

नवऱ्याबरोबर आहे म्हटल्यावर आईला हरकत घ्यायला जागा उरली नव्हती. शेवटी पदर झटकून उठली. "करा काय करायचं ते. पन मी बघायला येनार नाय." आईनं नाही म्हटलं की नाही. वहिनीचा चेहरा उतरला. सासूनं पाठ फिरवलेली असताना सुनेनं स्टेजवर जायचं म्हणजे काय, ते तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला कळत होतं. हिचं नाटक पडलं असतं तर पुन्हा कुठल्याच सुनेचं नाव निघालं नसतं.

तात्या निघताना शालनताईला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, आपल्याच पोटावर पाय देताय. आज ही, उद्या शेजारची वाडी. मग तुमाला कोन बोलवनार?"

"माजी कीव येत नाय का तुमाला तात्या?" ती हसत म्हणाली. "किती वर्सं लोकांच्या बायका व्हायचं मी? गुडघे दुखतात आता मरताना." मग हसू थांबवून म्हणाली, "घराघरात अशा सुगंधा हायत. मी आले की त्या भांडी घासायला जातात. मला नाय आवडत ते."

तात्यांचं म्हणणं खोटं ठरलं नाही, हेही सांगून टाकतो. आज आमच्या बाजूच्या कितीतरी वाड्यांत बायका स्वतः कामं करतात, आणि शालनताईला नायिका म्हणून कुणी बोलावत नाही. ती एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला लागली आहे. शिफ्टच्या बसमधून डोक्याला टोपी घालून उतरताना दिसते. हंगामात रजा टाकून कुणाकुणाच्या बायकांना शिकवायला जाते आणि जे देतील ते घेते. पूर्वीइतके पैसे सुटत नाहीत, हे ती लपवत नाही. मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का. तर कंपनीच्या गेटवर सगळ्यांदेखत मला ओरडली, "पस्तावा कसला रे? आता माज्या हाताखाली बारा गावच्या हिरॉइनी हायत!"

पण त्या वर्षीचं सांगत होतो. नेहमी एका दुपारच्या तालमीवर नाटक मारून नेणारी बाई त्या हंगामातली बाकीची बोलावणी सोडून आमच्या घरी येऊन राहिली. वहिनीला तिनं शिकवलं ते एवढंच, की गळ्यातून नको, पोटातून बोल. "गळ्यातनं काय, माकड पन वराडतंय." तिच्याबरोबर आणखी चार जणी तयार झाल्या. मधल्या गाण्याच्या जागी गौरीचं गाणं आलं, आणि ते म्हणायला तर निम्मी वाडी हौसेनं पुढे झाली. संध्याकाळी आमच्या अंगणात एवढी गडबड असायची की म्हशी दूध चोरायला लागल्या.

खरा घोर दादाचा. त्याला वाक्यं पाठ होईनात असं नव्हतं, पण वहिनीसमोर उभा केला की त्याचं तोंडच उघडेना. शेवटी शालनताईनं त्याला गोठ्यात नेलं. "हिला सांग," म्हैस दाखवून म्हणाली. दादानं इकडेतिकडे बघितलं, म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि अख्खं भाषण बोलला, न अडखळता, इतक्या मायेनं की मी दारात चाटच पडलो. "मी कठोर वागलो असेन, पण माझं मन तुलाच ओळखतं," वगैरे. म्हैस रवंथ करत ऐकत होती.

"आता तसंच हिच्याकडं बघून," शालनताईनं माझ्यामागे उभ्या वहिनीला पुढे ढकललं.

"म्हंजे मी काय म्हैस?" वहिनी म्हणाली.

"समजू दे गो म्हैस. निदान बोलंल तरी."

नाटकाच्या दिवशी उन्हं कलतानाच मंडप भरला. शेजारच्या वाड्यांतून टेम्पो भरून बायका आल्या. मोबाईल स्टँडवर लावलेला, आणि मुंबईहून लोक आधीच विचारत होते, सुगंधा कधी येणार, सुगंधा कधी येणार. मी पुस्तक घेऊन विंगेत बसलो. शालनताई सगळ्यांना पिना लावून माझ्याकडे आली. मला वाटलं ती शेजारी बसेल. "नाय रे," ती म्हणाली, "आज मी समोर बसनार. विंगेतनं फक्त पाठी दिसतात." आणि ती खाली उतरली.

पहिले दोन अंक कसे गेले कळलं नाही. वहिनी आली. तिनं पहिलं वाक्य पोटातून काढलं आणि मागच्या रांगेतून शिट्टी आली. गौरीचं गाणं सुरू झालं तर समोरच्या बायकाही म्हणायला लागल्या. लाइव्हचा आवाज गेला नाही. दादा मोजकं बोलत होता, म्हशीला स्मरून असेल, पण बोलत होता. माझ्या विंगेखाली, स्टेजच्या कोपऱ्याला जमिनीवर, कुणाला दिसू नये अशी एक बाई अंधाराच्या बाजूला येऊन बसली. बघतो तर आई. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं शालनताई बायकांच्या रांगेतून सरकत सरकत येऊन तिच्यामागे बसली.

तिसरा अंक. वहिनी विचारते, "तुमचा माझ्यावर विश्वास आहे की नाही?" आणि इथे दादाचं ते मोठं भाषण. दादा उभा. समोर माणसांचा समुद्र, मोबाईलचे दिवे. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी सांगितलं, "मी कठोर वागलो असेन..." काही नाही. मोठ्यानं सांगितलं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं, दादाला नाही. मंडपात कुजबुज सुरू झाली. मी शालनताईकडे बघितलं. ते भाषण तिला पाठ होतं, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो हे सगळ्या तालुक्याला माहीत. तिनं पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला होता आणि वहिनीकडे बघत होती.

वहिनी दोन पावलं पुढे आली. पुण्याची भाषा तिनं तिथेच टाकली.

"घरात पन असंच करता तुमी," ती म्हणाली. "मी काय इचारलं की म्हशीकडं बघता. आज हितं म्हैस नाय. आज माज्याकडं बघून बोला."

दादानं मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"हाय," दादा म्हणाला. "इस्वास हाय. पयल्यापास्नं हाय. बोलायचं रायलं."

आणि मंडप फुटला. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, शिट्ट्या, टाळ्या, बायका एकमेकींना मिठ्या मारतायत, तात्या माइक हातात घेऊन नुसतेच उभे. माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं, ते मी उचललंही नाही. मी रडत होतो आणि त्याची मला लाज वाटली नाही.

सगळे स्टेजकडे बघत होते. मी एकटा कोपऱ्याकडे बघत होतो. शालनताईनं तोंडातला पदर काढून डोळे पुसले, पुढे वाकली आणि काहीच माहीत नसल्यासारखं माझ्या आईला विचारलं, "काकी, कुठनं आनलीत गो ही बाई?"

आई फणकाऱ्यानं मागे वळली. "आनलेली नाय ती! माजी सून हाय!" आजूबाजूच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि आणखी नीट दिसावं म्हणून गुडघ्यांवर उभी राहिली.

शालनताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मग जरा सरका ना काकी," ती म्हणाली, "मला दिसत नाय."